आधी रिकामा स्कॅफोल्ड, मग पेशी: रॅटच्या मूलपेशी स्पंजावर वाढवणाऱ्या नवख्यांसाठी

टिश्यू इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये आलेल्या नव्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यातच पेशी हव्या असतात. फ्लास्कमध्ये काहीतरी जिवंत वाढतंय याची मजा असतेच, त्यामुळे ते समजण्यासारखं आहे. स्कॅफोल्ड, म्हणजे पेशींना वाढायला दिलेला सच्छिद्र आधार, ही मात्र कपाटातली पांढरी चकती, ती काय, होईल तयार, असं वाटत राहतं. मग पेशी तिसऱ्या पॅसेजला (भरलेल्या फ्लास्कमधून उचलून नव्यात वाढवण्याच्या फेरीला) येऊन उभ्या राहतात आणि चकती मीडियात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, टाकल्यावर तासाभरात जेली होऊन बसते. म्हणून हा लेख उलट्या क्रमाने लिहिला आहे: आधी स्कॅफोल्ड, मग त्याची रिकामी परीक्षा, आणि पेशी त्यानंतर.

उदाहरण एकच घेऊ. रॅटच्या अस्थिमज्जेतल्या मेसेंकायमल मूलपेशी (हाड, चरबी, कूर्चा यांकडे वळू शकणाऱ्या), कायटोसान आणि जिलेटिनचा सच्छिद्र स्पंज, आणि हेतू हाडाची दुरुस्ती. हे साहित्य तुलनेने स्वस्त आहे, पद्धती जुन्या आणि पारखलेल्या आहेत, आणि चुकलं तर कुठे चुकलं ते शोधता येतं. मज्जेतल्या काही पेशी प्लास्टिकला चिकटून वसाहती करतात आणि त्यांच्यापासून हाड बनू शकतं, हे सोव्हिएत संशोधक अलेक्झांडर फ्रीडनस्टाइन यांनी १९६०-७० च्या दशकांत दाखवलं. पेशी, आधार आणि योग्य संकेत हे तिन्ही एकत्र आणून ऊती घडवायची, ही मांडणी लँगर आणि व्हाकांटी यांच्या १९९३ च्या लेखामुळे सर्वदूर पोहोचली. पाठीवर कान असलेल्या उंदराचा फोटो तुम्ही पाहिला असेल. तो प्रयोग १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जनुकबदल नव्हता आणि मूलपेशीही नव्हत्या. वासराच्या कूर्चेतल्या पेशी कानाच्या आकाराच्या पॉलिमरवर पेरून तो तुकडा उंदराच्या कातडीखाली बसवला होता. म्हणजे आकार स्कॅफोल्डचाच होता.

कागदपत्रं आधी

रॅटला हात लावण्यापूर्वी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी लागते. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली ही सगळी व्यवस्था चालते आणि अर्ज ‘फॉर्म बी’वर करायचा असतो. समितीच्या बैठका रोज होत नाहीत, तेव्हा अर्ज पहिल्याच महिन्यात टाका. फक्त मज्जा काढायची असेल तरी मंजुरी लागते. ‘दुसऱ्याच्या प्रयोगातला रॅट होता, हाडं फेकूनच देणार होते’ हे उत्तर आयत्या वेळी चालत नाही. हाडं वापरायची असतील तर तेही आधीच अर्जात लिहून घ्या.

मंजुरी येईपर्यंत हात रिकामे ठेवू नका. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात पेशींचं राष्ट्रीय भांडार आहे. तिथून एल-९२९ ही उंदराच्या फायब्रोब्लास्टची पेशीरेषा मागवता येते. हूडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) बसणं, ट्रिप्सिन करणं (एन्झाइमने चिकटलेल्या पेशी सोडवणं), मोजणं, गोठवणं हे सगळं तिच्यावर शिका. पुढे स्कॅफोल्ड तपासायलाही तीच लागणार आहे.

स्कॅफोल्ड ओतणं

कायटोसान मिळतं कोळंबी-खेकड्यांच्या टरफलांतल्या कायटिनपासून. कोकण किनाऱ्यावर टरफलांचे ढीग पडतात म्हणून ते घरी बनवण्याचा मोह नको; प्रयोगासाठी बाटलीवर रेणूभार आणि डीअॅसिटिलेशनची (कायटिनचे अॅसिटिल गट किती काढले त्याची) टक्केवारी छापलेलंच घ्या आणि दोन्ही आकडे वहीत उतरवून ठेवा. डीअॅसिटिलेशन बदललं की विघटनाचा वेगही बदलतो. जिलेटिनचंही तसंच: टाइप ए की बी, ब्लूम (जेलचा घट्टपणा) किती, सगळं लिहा. बाटली संपून नवी आली की निकाल हलले, ही तक्रार अर्ध्या वेळा इथूनच सुटते.

कृती अशी. १ टक्का अॅसिटिक अॅसिडमध्ये २ टक्के कायटोसान रात्रभर ढवळत ठेवा. सकाळी द्रावण दाट आणि फिकट पिवळसर दिसेल. न विरघळलेले कण मलमलच्या कापडातून गाळून काढा. २ टक्के जिलेटिन ४०-५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात वेगळं विरघळवा, मग दोन्ही समभाग मिसळा. मिश्रणात बुडबुडे राहतात. व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये थोडा वेळ ठेवून ते काढा, नाहीतर प्रत्येक बुडबुड्याच्या जागी स्पंजाला भोक पडेल आणि पुढे तुम्ही त्यालाच छिद्रं समजून मोजत बसाल.

२४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला ५०० मायक्रोलिटर ओतलं की साधारण अडीच मिलिमीटर जाडी मिळते. आता गोठवण्याकडे नीट लक्ष द्या, कारण छिद्रांचा आकार इथे ठरतो. बर्फाचे स्फटिक जिथे वाढतात तिथेच नंतर पोकळी राहते. हळू गोठवलं तर स्फटिक मोठे आणि छिद्रंही मोठी. झटकन गोठवलं तर लहान. उणे २० अंशांवर रात्रभर ठेवणं हाडाच्या कामासाठी बरं पडतं. प्लेट थेट फ्रीझरच्या धातूच्या तळावर ठेवली तर खालून वर गोठते आणि छिद्रं एका दिशेला लांबट होतात. थर्माकोलच्या डब्यात ठेवली तर फरक दिसतो. काय केलं ते लिहून ठेवा आणि दर वेळी तसंच करा. त्यानंतर २४ ते ४८ तास लायोफिलायझर, म्हणजे गोठलेलं तसंच सुकवणारं यंत्र.

बाहेर काढलेली चकती हलकी आणि कोरडी असते. वरच्या बाजूला बोटाने हळूच चाचपून बघा: गुळगुळीत, कागदासारखी साय लागते. ती बंद असते, पेशी तिच्यातून आत जात नाहीत. धारदार ब्लेडने ती साय उडवा, मग ५ मिलिमीटरच्या बायोप्सी पंचने गोल तुकडे पाडा. उरते सुमारे २ मिलिमीटर जाडी. यापेक्षा जाड करू नका. कारण पुढे येईल.

आता या तुकड्यात अजून अॅसिटिक अॅसिड आहे. तो तसाच मीडियात टाकला तर फुगून विरघळतो. आधी इथेनॉलमध्ये केलेल्या सोडियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणाने तो उदासीन करा (नुसत्या पाण्यात जिलेटिन निघून जायची भीती असते) आणि मग क्रॉसलिंक करा, म्हणजे त्यातले रेणू एकमेकांना बांधा. स्वस्तातला मार्ग ग्लुटाराल्डिहाइडचा आहे, पण त्याचा शिल्लक अंश पेशींना मारतो. वापरलंच तर नंतर ग्लायसीनने धुणं अनिवार्य. गार्डेनियाच्या फळापासून मिळणारं जेनिपिन पेशींना मानवतं, पण महाग आहे आणि स्कॅफोल्ड गर्द निळा होतो. शिवाय तो फ्लुरोसन्सही देतो, म्हणजे पुढच्या फोटोंची पंचाईत. नवख्यांना मी ईडीसी आणि एनएचएस सुचवेन: ९० टक्के इथेनॉलमध्ये ईडीसी ५० मिलीमोलर आणि एनएचएस २० मिलीमोलर, एक दिवस, मग भरपूर पाण्याने धुणं. ही जोडी कार्बॉक्सिल आणि अमाइन गटांना थेट जोडते, स्वतः जाळ्यात अडकून राहत नाही. धुऊन झालं की पुन्हा गोठवून लायोफिलाइज करा.

निर्जंतुकीकरणासाठी ऑटोक्लेव्ह विसरा, जिलेटिन त्यात टिकत नाही. यूव्ही फक्त पृष्ठभागापुरता. लॅबपातळीवर ७० टक्के इथेनॉलमध्ये भिजवून, नंतर निर्जंतुक पीबीएसने (फॉस्फेटयुक्त खारट द्रावणाने) तीन-चार वेळा धुणं चालतं. प्राण्यात बसवायचे तुकडे असतील तर गॅमा किंवा इथिलीन ऑक्साइडची सोय बघा.

रिकाम्या स्कॅफोल्डची परीक्षा

पेशी नसलेले तुकडे ३७ अंशांच्या पीबीएसमध्ये दोन आठवडे ठेवा, काहींमध्ये लायसोझाइम घाला (शरीरात कायटोसान मुख्यतः हेच एन्झाइम तोडतं), आणि ठरावीक दिवशी धुऊन, सुकवून वजन करा. तीन आठवड्यांचा प्रयोग करायचा असेल आणि स्कॅफोल्ड दहाव्या दिवशी अर्धा उरत असेल तर क्रॉसलिंकिंगकडे परत जा. सूक्ष्मदर्शकाखाली, शक्यतो एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात), उभा काप घेऊन छिद्रं बघा. हाडासाठी किमान १०० मायक्रोमीटर लागतात. रक्तवाहिन्या आत याव्यात असं वाटत असेल तर ३०० च्या आसपास बरं. आकाराइतकंच महत्त्वाचं म्हणजे छिद्रं एकमेकांना जोडलेली आहेत का. बंद खोल्यांचा काही उपयोग नाही.

मग विषारीपणा. तुकडा एक दिवस मीडियात भिजवा, तो अर्क एल-९२९ पेशींवर घाला आणि दुसऱ्या दिवशी एमटीटी करा (जिवंत पेशींमुळे जांभळा रंग येणारी चाचणी). आयएसओ १०९९३ च्या पाचव्या भागानुसार जिवंतपणा ७० टक्क्यांच्या खाली गेला तर पदार्थ विषारी ठरू शकतो. बहुतेक वेळा दोष पदार्थाचा नसतो, धुणं कमी पडलेलं असतं.

ओल्या स्कॅफोल्डचा कडकपणाही मोजून घ्या, कोरड्याचा नव्हे. एंग्लर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की मेसेंकायमल मूलपेशी पायाच्या कडकपणावरून आपली दिशा पकडतात: १ किलोपास्कलच्या आत चेतापेशींसारख्या, ८ ते १७ ला स्नायूंसारख्या, २५ ते ४० ला हाडाकडे. तुमचा स्पंज नेमका त्या आकड्यांत बसेलच असं नाही, पण तुमचा आकडा माहीत हवा.

मज्जेतून पेशी काढणं

६ ते ८ आठवड्यांचा रॅट घ्या. वय वाढतं तशा वसाहती कमी मिळतात. प्राण्याला वेदनारहित मृत्यू देण्याचं काम प्रशिक्षित माणसाकडेच द्या. मांडीची दोन आणि नडगीची दोन, अशी चारही हाडं अखंड काढा, स्नायू खरवडून टाका आणि दुप्पट अँटिबायोटिक घातलेल्या थंड पीबीएसमध्ये हूडपर्यंत आणा. हूडमध्ये दोन्ही टोकं कापा, २१ ते २३ गेजची सुई आत घालून मीडिया ढकला. लालभडक धागा बाहेर येतो आणि हाड आतून पांढरं दिसू लागतं. लाली उरली असेल तर दुसऱ्या टोकाने पुन्हा. गुठळ्या सुईतून वरखाली करून मोडा, ७० मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढा, सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जीवर (गुरुत्वाच्या ३०० पट) पाच मिनिटं फिरवा आणि फ्लास्कमध्ये टाका.

मीडिया म्हणजे अल्फा-एमईएम किंवा कमी ग्लुकोजचं डीएमईएम, १० टक्के एफबीएस (गायीच्या गर्भाचं सीरम), १ टक्का पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. एफबीएसच्या दोन-तीन बॅचचे नमुने मागवून कोणत्यात वसाहती चांगल्या येतात ते पाहा आणि पूर्ण प्रोजेक्टला पुरेल इतकी तीच बॅच एकदम घ्या. हा खर्च गाइडना पटवून द्यावा लागतो, पण पटवा.

पहिले दोन-तीन दिवस फ्लास्क हलवू नका. रक्तपेशींचा लाल गाळ बघून घाबरू नका, तो पहिल्या मीडिया-बदलात निघून जातो. चौथ्या-पाचव्या दिवशी लांबट, तर्कूच्या आकाराच्या पेशींचे पुंजके दिसतात. ७०-८० टक्के भरल्यावर ०.२५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए, दोन-तीन मिनिटं, आणि सुटल्या तेवढ्याच उचला. जास्त वेळ थांबून सगळं खरवडून काढायचा हव्यास नको; जे घट्ट चिकटून राहतं त्यात मॅक्रोफेज (भक्षक पेशी) असतात आणि ते मागे राहिलेलेच बरे. कामासाठी दुसरा ते पाचवा पॅसेज वापरा. उरलेल्या पेशी १० टक्के डीएमएसओमध्ये, मिनिटाला एक अंश या वेगाने गोठवून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा.

या मूलपेशीच आहेत हे दाखवावं लागतं. फ्लो सायटोमेट्रीत (पेशींच्या पृष्ठभागावरची खूण-प्रथिनं मोजण्याच्या तंत्रात) रॅटसाठी सीडी९०, सीडी२९, सीडी४४ असायला हवेत, सीडी४५ आणि सीडी११बी नसायला हवेत. मानवी पेशींसाठी २००६ मध्ये ठरलेली यादी जशीच्या तशी रॅटला लावू नका, बऱ्याच अँटिबॉडी रॅटच्या प्रथिनाला धरतच नाहीत. सोबत हाड, चरबी आणि कूर्चा या तिन्ही दिशांना पेशी वळतात हेही दाखवा.

कंटॅमिनेशनबद्दल दोन शब्द. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये बुरशी येते म्हणजे येतेच. अँटिबायोटिक तिला शिवत नाही. कल्चर रूममध्ये पुठ्ठ्याचे खोके ठेवू नका, ओल धरलेला पुठ्ठा म्हणजे बीजाणूंचं कोठार. इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं पाणी दर आठवड्याला बदला, एसीचे फिल्टर पावसाआधी धुऊन घ्या. मायकोप्लाझ्मा हे सूक्ष्म जिवाणू याहून वाईट, कारण मीडिया गढूळ होत नाही आणि पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिनही लागू पडत नाही. महिन्याला एकदा पीसीआर करा. आणि सकाळी सगळ्याच फ्लास्कचा मीडिया जांभळट गुलाबी दिसला तर आधी सिलिंडर बघा, गॅस संपलेला असतो.

पेरणी

इथे हिशोब आधी करा. भरलेल्या टी-७५ फ्लास्कमधून साधारण १५ ते २० लाख पेशी निघतात. दर स्कॅफोल्डला अडीच लाख धरले तर एका फ्लास्कमध्ये सहा ते आठ तुकडे. मोजणीचे तीन दिवस, तीन चाचण्या, प्रत्येकी तीन तुकडे म्हणजे एकाच गटाचे २७ झाले. गट वाढले की फ्लास्क वाढतात.

स्कॅफोल्ड रात्रभर मीडियात भिजत ठेवा. सकाळी चिमट्याने उचलून निर्जंतुक फिल्टर पेपरवर हलकेच टेकवा, पाणी निघून तो चामड्यासारखा चपटा दिसेल. प्लेटच्या तळाला आधी अॅगरोजचा पातळ थर दिलेला असावा, म्हणजे घसरलेल्या पेशी प्लास्टिकवर संसार थाटणार नाहीत. आता अडीच लाख पेशी ३० मायक्रोलिटरमध्ये घेऊन मधोमध थेंब सोडा. स्कॅफोल्ड तो शोषून पुन्हा फुगतो. थेंब कडेने ओघळला तर स्कॅफोल्ड जास्त ओला होता. पुढचा तुकडा आणखी टिपून घ्या. वेलच्या कडेच्या जागेत थोडं पीबीएस ठेवा, दोन ते तीन तास इन्क्युबेटरमध्ये, मग मीडिया कडेने हळू सोडा. थेंब सुकू द्यायचा नाही आणि मीडिया घाईने ओतून पेशी धुवायच्याही नाहीत, एवढंच कसब आहे.

दुसऱ्या दिवशी स्कॅफोल्ड नव्या वेलमध्ये हलवा आणि जुन्या वेलमध्ये तरंगणाऱ्या-पडलेल्या पेशी मोजा. अडीच लाखांतल्या ६० हजार तिथे सापडल्या तर १ लाख ९० हजार आत आहेत, म्हणजे ७६ टक्के. हा आकडा प्रत्येक पेरणीला काढा. तो दर वेळी वेगळा आला तर पुढच्या कुठल्याच तुलनेला अर्थ नाही.

हाडाकडे वळवण्यासाठी मीडियात डेक्सामेथासोन १० ते १०० नॅनोमोलर, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलीमोलर आणि अॅस्कॉर्बिक अॅसिड मिलीलिटरला ५० मायक्रोग्रॅम. दर दोन-तीन दिवसांनी बदल, एकूण २१ दिवस.

मोजमाप: स्पंज फसवतो

प्लास्टिकवरच्या चाचण्या स्पंजावर जशाच्या तशा चालत नाहीत. एमटीटीचा जांभळा फॉर्माझान स्पंजात अडकतो आणि पूर्ण निघत नाही. डीएनए मोजणं अधिक भरवशाचं. अॅलिझारिन रेड हा कॅल्शियम दाखवणारा रंग तर कायटोसानवर सरळसरळ खोटं बोलू शकतो: तो ऋणभारित रंग, कायटोसान धनभारित, त्यामुळे कॅल्शियमचा कण नसतानाही स्पंज लाल होतो. शिवाय बीटा-ग्लिसरोफॉस्फेट असलेल्या मीडियात पेशींविनाही क्षार बसू शकतात. त्यामुळे रिकामा स्कॅफोल्ड त्याच हाडाच्या मीडियात, तेवढेच २१ दिवस ठेवून, त्याच रंगात बुडवलेला हवाच. त्याचा आकडा वजा केल्याशिवाय तक्ता करू नका. दुसरा गट साध्या मीडियातल्या पेशीयुक्त स्कॅफोल्डचा, तिसरा प्लास्टिकवरच्या पेशींचा. अल्कलाइन फॉस्फटेज हे हाड बनण्याच्या सुरुवातीचं एन्झाइम सातव्या ते चौदाव्या दिवशी वर जातं. जनुकांमध्ये रन्क्स-२ आधी, ऑस्टिओकॅल्सिन उशिरा.

आणि काप घ्या. वरून कॅल्सीन (जिवंत पेशी हिरव्या) आणि प्रोपिडियम आयोडाइडचा (मेलेल्या लाल) हिरवागार फोटो छान दिसतो, तोच सगळे पोस्टरवर लावतात. पण ऑक्सिजन दाट पेशींतून १०० ते २०० मायक्रोमीटरच आत जातो. तीन आठवड्यांत वरचा थर भरतो, तोंडं बुजतात आणि मधल्या पेशी उपाशी मरतात. म्हणून २ मिलिमीटरचा आग्रह, आणि म्हणून ब्लेडने मधोमध कापून तो आतला पृष्ठभाग रंगवून बघायचा. मध्य लाल निघाला तर प्लेट हलक्या शेकरवर ठेवून किंवा परफ्यूजन (स्पंजातून मीडिया वाहता ठेवणं) लावून बघा.

प्राण्यात

हा भाग तुम्ही एकट्याने करणार नाही, तरी आखणी तुमचीच असते. रॅटच्या कवटीत ८ मिलिमीटरचं भोक आपोआप भरत नाही, म्हणून ते नमुन्यासाठी घेतात. ड्रिल करताना सलाईनची धार चालू हवी आणि खालच्या ड्युराला (मेंदूवरच्या आवरणाला) धक्का लागता कामा नये. गट किमान तीन: नुसतं भोक, रिकामा स्कॅफोल्ड, पेशीयुक्त स्कॅफोल्ड. विस्टार किंवा स्प्रॅग-डॉली रॅट आपसांत जनुकीयदृष्ट्या सारखे नसतात. एकाच्या पेशी दुसऱ्यात घातल्या तर ते परक्याचंच रोपण, हे लक्षात ठेवून निकाल लिहा. लुईस किंवा फिशर या आपसांत सारख्या असलेल्या जातींचे रॅट घेतले तर हा प्रश्न हलका होतो.

नवं हाड दिसलं म्हणजे ते तुमच्या पेशींनीच केलं असं नाही. रोपलेल्या बऱ्याचशा पेशी काही आठवड्यांत नाहीशा होतात, त्यांच्या स्रावांमुळे यजमानाच्याच पेशी कामाला लागतात. नराच्या पेशी मादीत घालून नंतर वाय गुणसूत्र शोधलं तर कोण किती उरलं ते कळतं. रॅटमधला चांगला निकाल हातात आला की ओळखीपाळखीचे लोक गुडघ्यासाठी विचारायला येतात. त्यांना सांगा की आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि डीबीटीच्या (जैवतंत्रज्ञान विभागाच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसारख्या ठरावीक कारणांसाठीचं मज्जारोपण सोडलं तर मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीतच करता येतो, आणि अशा चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

आठ किंवा बारा आठवड्यांनी कवटीचा तुकडा काढला की आधी मायक्रो-सीटी, मग १० टक्के ईडीटीएमध्ये कॅल्शियम काढणं, मग पॅराफिन. ईडीटीएला दोन ते चार आठवडे लागतात आणि द्रावण सारखं बदलावं लागतं. हा क्रम उलटला तर स्कॅनमध्ये काहीच दिसणार नाही, कारण दिसण्याजोगं कॅल्शियम तुम्हीच धुऊन टाकलेलं असतं. स्कॅनरची तारीख शस्त्रक्रियेच्या दिवशीच मागून ठेवा.